आधी दोरा, मग सूत्र

प्रश्न : मी महाविद्यालयात पदवीच्या पहिल्या वर्षाला निसर्गविज्ञान हा सामान्य विषय शिकवते. वर्गात ८० विद्यार्थी असून त्यांतील बहुतेकांचा मुख्य विषय विज्ञान नाही. यंदा हा अभ्यासक्रम संपूर्णपणे ऑनलाइन झाला आहे. मी दर आठवड्याला ५० मिनिटांची दोन व्याख्याने रेकॉर्ड करून देते आणि एक तास थेट वर्ग घेते. थेट वर्गात कॅमेरे बंद असतात, प्रश्न विचारला की शांतता पसरते आणि गृहपाठाची उत्तरे संशय यावा इतकी सारखी येतात. चंद्राच्या कला मी उत्तम आकृत्यांसह शिकवल्या, तरी चाचणीत निम्म्याहून अधिक जणांनी त्या पृथ्वीच्या सावलीमुळे दिसतात असेच लिहिले. प्रयोगशाळा नसल्याने प्रात्यक्षिकांऐवजी मी प्रयोगांचे व्हिडिओ दाखवते. विज्ञान असे शिकवता येते का, की हा विषय मी दुसऱ्या कोणाकडे सोपवावा?

उत्तर : मॅडम, सप्रेम नमस्कार.

विषय सोडू नका. अभ्यासक्रमातील बराच भाग मात्र सोडावा लागेल. त्याचे कारण तुमच्याच पत्रातील चंद्राच्या उदाहरणात आहे.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, ही समजूत विद्यार्थ्यांना कोणी शिकवलेली नसते. ग्रहणाविषयी लहानपणी ऐकलेले आणि रोज दिसणारे यांची सांगड त्यांनी स्वतःच घातलेली असते, आणि ती त्यांच्या दृष्टीने तर्कशुद्ध असते. तुमची आकृती या समजुतीला धक्का न लावता तिच्या शेजारी जाऊन बसली. तास संपल्यावर आकृती पुसली गेली आणि समजूत उरली. हे ऑनलाइनमुळे घडले असे वाटत असेल तर ती शंका मनातून काढून टाका. मी फळ्यासमोर उभा राहून अनेक वर्षे ऋतू शिकवले आणि दर वर्षी काही उत्तरपत्रिकांत ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते’ हे वाक्य वाचले. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते आणि त्या वेळी अर्ध्या जगात हिवाळा असतो, हेही मी त्याच तासाला सांगितलेले असे. प्रत्यक्ष वर्गात ही गळती माना डोलावण्याआड लपत होती. ऑनलाइन वर्गात डोलणाऱ्या माना दिसत नाहीत, म्हणून ती उघडी पडली.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांना १९९०च्या सुमारास असाच अनुभव आला. त्यांचे विद्यार्थी अवघड गणिते बिनचूक सोडवत होते. पण जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर अधिक बल लावते, अशा साध्या शब्दांतल्या प्रश्नांवर अडखळत होते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार दोन्ही बले सारखीच असतात, आणि तो नियम सर्वांना पाठ होता. माझूर यांनी त्यानंतर व्याख्यानाची पद्धतच बदलली. त्यांच्या पद्धतीकडे मी पुढे येतो, कारण तुमच्या थेट तासाला तिचा उपयोग आहे. त्याआधी मुख्य सूचना सांगतो. सध्याचा तुमचा क्रम व्याख्यान, मग व्हिडिओ, मग गृहपाठ असा आहे. तो उलटा करा. विद्यार्थ्याने आधी काहीतरी स्वतः पाहावे किंवा मोजावे, त्यातून त्याला अडचण पडावी, आणि तुमचे स्पष्टीकरण त्या अडचणीचे उत्तर म्हणून यावे.

चंद्रापासूनच सुरुवात करू. शुक्ल पक्षातील अष्टमीच्या आसपास दुपारी चार-पाचच्या सुमारास पश्चिमेकडे सूर्य आणि त्याच्यापासून साधारण ९० अंशांवर अर्धा चंद्र, असे दोघेही एकाच वेळी आकाशात असतात. विद्यार्थ्यांना त्या दिवशी उन्हात उभे राहायला सांगा आणि हातात एक लहानसा चेंडू घ्यायला सांगा. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, ही सूचना लेखी द्या. हात चंद्राच्या दिशेने लांब करून चेंडू चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरला की चेंडूचा उजळलेला भाग आणि चंद्राचा उजळलेला भाग सारखाच दिसतो. चेंडूवर पृथ्वीची सावली पडलेली नाही, हे विद्यार्थ्याला दिसत असते. मग ‘पृथ्वी तुझ्या पायांखाली आहे, सूर्य त्या बाजूला आहे, तर पृथ्वीची सावली कोणत्या दिशेला पडली असेल?’ एवढाच प्रश्न विचारा आणि उत्तर देऊ नका. एका ओळीत लिहून पाठवायला सांगा. याला पाच मिनिटे लागतात, आणि माझ्या अनुभवात कोणतीही आकृती या पाच मिनिटांची बरोबरी करत नाही.

याला जोडून २९ दिवसांची चंद्राची दैनंदिनी ठेवायला लावा. त्यात तारीख, वेळ, दिशा, आकाराचे रेखाटन आणि दिसला नसेल तर त्याचे कारण, एवढेच असावे. ‘ढग होते’ ही नोंदही ग्राह्य धरा. किंबहुना ज्याच्या दैनंदिनीत एकही ढगाळ किंवा विसरलेला दिवस नाही, त्याच्याशी थोडे बोलून पाहा. चंद्र दररोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि कलांचे चक्र सुमारे साडेएकोणतीस दिवसांत पूर्ण होते, हे दोन आकडे तुम्ही सांगू नका. ते दैनंदिनीतून निघू द्या. विद्यार्थ्यांचे ४० मिनिटे, ५५ मिनिटे, एक तास असे निरनिराळे आकडे आले की सरासरी म्हणजे काय आणि एकाच नोंदीवर विसंबून का राहू नये, हा धडा आपोआप सुरू होतो.

आता प्रयोगशाळेचा प्रश्न. व्हिडिओत प्रयोग नेहमी यशस्वी होतो, हा त्याचा सर्वांत मोठा दोष आहे. सादर करणाऱ्याने चुकलेले प्रयत्न कापून टाकलेले असतात, आणि विज्ञान शिकण्याच्या दृष्टीने नेमका तोच भाग मौल्यवान असतो. म्हणून एक प्रयोग प्रत्येकाकडून घरी करून घ्या, आणि तो लंबकाचा असू द्या. साधारण एक मीटर दोरा, त्याच्या टोकाला एखादे कुलूप, मोजपट्टी आणि फोनमधील स्टॉपवॉच एवढेच साहित्य लागते. काम गुरुत्व त्वरण, म्हणजे मोकळ्या पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, काढण्याचे. सूत्र शाळेतले आहे आणि ते हवे तर आयते द्या.

पहिल्या फेरीत कोणतीही युक्ती सांगू नका. बहुतेक जण एकच आंदोलन मोजतील. एक मीटरच्या लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण आंदोलनाचा वेळ, सुमारे दोन सेकंद असतो आणि बोटाने बटण दाबण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे होणे स्वाभाविक आहे. म्हणजे कालमापनात दहा टक्के चूक, आणि सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्यामुळे उत्तरात त्याच्या दुप्पट. त्यामुळे ८ पासून १२ पर्यंत वाटेल ते उत्तर येऊ शकते. ही सर्व उत्तरे नावे न लावता एका आलेखावर मांडा आणि थेट वर्गात पडद्यावर ठेवा. एकाच पृथ्वीवर इतकी वेगवेगळी गुरुत्व त्वरणे कशी, हा प्रश्न तुम्हाला विचारावाही लागणार नाही. दुसऱ्या फेरीत कोणीतरी वीस आंदोलने मोजण्याची कल्पना काढतो. ४० सेकंदांत ०.२ सेकंदाची चूक म्हणजे अर्धा टक्का, आणि उत्तरातील चूक सुमारे एक टक्का. आलेख आक्रसतो.

त्यानंतरही काही उत्तरे सातत्याने कमी येतात, आणि माझ्या मते खरी मजा तिथे आहे. लांबी कुलपाच्या मध्यापर्यंत मोजण्याऐवजी वरच्या कडीपर्यंत मोजली, तर मीटरमागे दोन-तीन सेंटिमीटर सुटतात आणि उत्तर तितक्याच टक्क्यांनी घसरते. लंबक ३० अंशांपर्यंत खेचून सोडला, तर आवर्तकाल सुमारे १.७ टक्क्यांनी वाढतो आणि उत्तर आणखी खाली जाते. वीसऐवजी शंभर आंदोलने मोजूनही या चुका जात नाहीत. हाताच्या चाळवाचाळवीने होणारी चूक आणि पद्धतीतच दडलेली चूक यांतला फरक पाठ्यपुस्तकात दोन व्याख्यांनी सांगितलेला असतो. इथे तो स्वतःच्या कुलपावर सापडतो. ज्याचे उत्तर पहिल्याच फेरीत नेमके ९.८१ आले आहे, त्याला मात्र अभिनंदनाऐवजी कच्च्या नोंदींचा फोटो मागा.

ज्यांच्याकडे चांगला फोन आहे त्यांना, जर्मनीतील आखेनच्या तंत्रविद्यापीठाने २०१६ साली तयार केलेले ‘फायफॉक्स’ हे विनामूल्य अॅप देता येईल. फोनमधील त्वरण, चुंबकीय क्षेत्र, ध्वनी यांच्या संवेदकांवरून ते थेट मोजमापे दाखवते. पण ते ऐच्छिक ठेवा. गुण दोरा आणि मोजपट्टी यांवरच द्या, नाहीतर महागडा फोन असणे हीच पात्रता ठरेल.

ऑनलाइन वर्गाचा एक फायदा प्रयोगशाळेत कधीच मिळत नाही, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. तुमचे ८० विद्यार्थी एका खोलीत नाहीत. ते निरनिराळ्या अक्षांशांवर असतील, तर तो संपूर्ण वर्ग एक मोजयंत्र आहे. ग्रीक विद्वान इराटोस्थेनीसने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात दोन गावांतील मध्यान्हीच्या सूर्याच्या उंचीत ७.२ अंशांचा, म्हणजे वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाचा फरक धरून पृथ्वीचा परीघ काढला. विद्यार्थ्यांना एकच दिवस ठरवून द्या. प्रत्येकाने सपाट जमिनीवर मीटरभर काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि दुपारच्या सुमारास दर पाच मिनिटांनी सावली मोजून तिची सर्वांत कमी लांबी नोंदवावी. घड्याळातील बारा आणि सर्वांत आखूड सावली यांची वेळ एक नसते, हेही त्यातून कळते. प्रत्येक ठिकाणी आखूडतम सावली घेतल्यामुळे रेखांशाचा फरक आड येत नाही; दोघांमधील केवळ दक्षिणोत्तर अंतर नकाशावरून काढायचे. अक्षांशाच्या एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर अंतर पडते, त्यामुळे ३०० किलोमीटर दूर असलेल्या दोघांच्या कोनांत पावणेतीन अंशांच्या आसपास फरक यायला हवा. सावलीची कड धूसर असते, कारण सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. सेंटिमीटरभराची चूक सहज होते आणि तेवढ्याने कोन जवळजवळ अर्ध्या अंशाने बदलतो. म्हणून एका जोडीचे उत्तर वीस-पंचवीस टक्क्यांनी चुकले तर नवल नाही. अधिक अंतरावरच्या जोड्यांची उत्तरे बहुधा अधिक बरी येतील; तसे का, ते वर्गाला शोधू द्या.

थेट तासाविषयी. शांतता पसरते, कारण ८० जणांसमोर चुकण्याची कोणाला हौस नसते. इथे माझूर यांची पद्धत वापरा. एक पर्यायी प्रश्न द्या, मिनिटभर विचार करू द्या आणि निनावी मतदान घ्या. निकाल दाखवू नका. मग तिघा-चौघांचे गट पाडून एकमेकांना पटवून देण्यासाठी तीन मिनिटे द्या, पुन्हा मतदान घ्या आणि त्यानंतरच बोला. पहिल्या मतदानात ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तर प्रश्न योग्य निवडला असे समजावे. त्याहून कमी असतील तर आपापसांत पटवून देणारे पुरेसे नसतात, आणि जास्त असतील तर चर्चेत वेळ घालवण्याचे कारण नाही.

नमुन्यादाखल हा प्रश्न घ्या. एका लहान रोपाचे मोठे झाड झाले. त्याच्या लाकडाचे वस्तुमान मुख्यतः कोठून आले : माती, पाणी, हवा की सूर्यप्रकाश? मातीला भरघोस मते पडतात. दुसऱ्या मतदानाआधी एक माहिती द्या. सतराव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञ यान बाप्टिस्टा फान हेल्माँट याने २०० पौंड वाळलेल्या मातीत पाच पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले आणि माती जेमतेम दोन औंसांनी घटली. हे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाले. मातीचा पर्याय यामुळे बाद होतो. पण हेल्माँटने ‘म्हणजे सगळे पाण्यातून आले’ असा निष्कर्ष काढला आणि तो स्वतःच चुकला, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड त्याने हिशेबात धरला नव्हता. काटेकोर मोजमाप करूनही निष्कर्ष चुकू शकतो, हे प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण फळ्यावर लिहून कधीच सांगता येत नाही.

रेकॉर्ड केलेली ५० मिनिटांची व्याख्याने बंद करा. ‘एडएक्स’ या ऑनलाइन शिक्षणमंचावरील व्हिडिओ पाहिले जाण्याच्या ६९ लाख नोंदी तपासून २०१४ साली संशोधकांनी दाखवले की व्हिडिओ कितीही लांब असला, तरी सलग पाहण्याचा मध्यक (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त असा) काळ सहा मिनिटांपुढे जात नाही. तुमचे व्याख्यान सहा-सात मिनिटांच्या तुकड्यांत विभागा आणि प्रत्येक तुकडा एकाच प्रश्नाला वाहिलेला ठेवा. त्याच अभ्यासात तयार स्लाइडपेक्षा बोलता बोलता हाताने काढलेल्या आकृत्या विद्यार्थ्यांना अधिक धरून ठेवतात असेही आढळले, तेव्हा आकृती थोडी वाकडी आली तरी पुन्हा रेकॉर्ड करत बसू नका. सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरचा आभासी प्रयोग, वापरायचे असेल, तर नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील साधने विनामूल्य आहेत आणि रेणूंची हालचाल किंवा विद्युतप्रवाह अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींसाठी फार उपयोगी पडतात. जे घरी खरोखर करता येते, त्यासाठी मात्र ती वापरू नका. सिम्युलेशनमधल्या लंबकाला कुलूप नसते.

एका विरोधाची तयारी ठेवा. चार-पाच आठवड्यांनी काही विद्यार्थी लिहितील, ‘मॅडम, आम्हीच सगळे करायचे तर तुम्ही काय शिकवता?’ ही तक्रार मनाला लागते. मला लागली होती. २०१९ साली हार्वर्डमध्येच झालेल्या एका अभ्यासात कृतीवर आधारलेल्या तासाला बसलेले विद्यार्थी चाचणीत अधिक शिकलेले आढळले. परंतु आपण कमी शिकलो असे त्यांना स्वतःला वाटत होते. सफाईदार व्याख्यान ऐकताना समजल्याचा भास होतो आणि धडपडताना न समजल्याचा. ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांना मोकळेपणाने सांगा. सहकाऱ्यांना पटवायचे असेल, तर २०१४ साली प्रसिद्ध झालेला २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा पुढे करा. त्यात निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण ३३.८ टक्के, तर कृतिशील वर्गांत २१.८ टक्के आढळले.

नक्कल आणि उत्तरे लिहून देणारी यंत्रे यांवर पहारा ठेवण्यात शक्ती घालवू नका. ‘लंबकाचे नियम लिहा’ या प्रश्नाचे उत्तर सारखेच येणार, कारण ते सारखेच आहे. त्याऐवजी ‘तुमच्या नोंदींपैकी कोणत्या आकड्यावर तुमचा सर्वांत कमी विश्वास आहे आणि का?’ असे विचारा. शिवाय सत्रातून एकदा प्रत्येकाशी पाच मिनिटे त्याच्याच नोंदींवर बोला. ८० जणांसाठी ४०० मिनिटे, म्हणजे जवळजवळ पावणेसात तास लागतात. चार आठवड्यांत विभागल्यास ते जमते आणि उत्तरपत्रिका तपासण्याचा तेवढाच भार कमी करता येतो. कॅमेऱ्याची सक्ती करू नका. घर, खोली, इंटरनेट यांपैकी काहीतरी दाखवण्याजोगे नसण्याची शक्यता असते, आणि हातात कुलूप व दोरा असलेल्या विद्यार्थ्याचा चेहरा दिसलाच पाहिजे असे नाही.

काही गोष्टी ऑनलाइन होणारच नाहीत, हेही स्पष्टपणे मान्य करू. ब्युरेटची (द्रव मोजून सोडणाऱ्या काचनळीची) तोटी थेंबावर आणून थांबवणे, सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी लावून नेमकी प्रतिमा मिळवणे, ही हाताची कामे आहेत. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ साली दूरस्थ विज्ञानशिक्षण सुरू केले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या घरी प्रयोगसाहित्याच्या पेट्या पाठवल्या, त्यांत छोटा सूक्ष्मदर्शकही होता, आणि तरीही उन्हाळ्यात आठवडाभराचे निवासी वर्ग ठेवलेच. तुमच्या महाविद्यालयाकडे सत्राअखेरीस निदान दोन दिवस प्रयोगशाळेचे मागा. मिळाले नाहीत, तर आम्ल, ज्वाला किंवा विजेची उघडी जोडणी असलेला कोणताही प्रयोग घरी करायला सांगू नका. तो भाग यंदा गाळलेला बरा.

गाळण्याचेच बोलायचे, तर या पद्धतीने तुमचे निम्मे घटकसुद्धा पूर्ण होणार नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर चंद्र, लंबक, सावली आणि झाड हे चार विषय ठेवले असते, प्रत्येकाला तीन आठवडे दिले असते, आणि उरलेल्या घटकांचे वाचनसाहित्य परीक्षेचे दडपण न ठेवता सोपवून दिले असते. विभागप्रमुखांशी याविषयी सत्र सुरू होण्याआधी बोलून घ्या, मध्येच नको. चंद्राची दैनंदिनी मात्र त्या बैठकीसाठी थांबवू नका. येत्या अमावास्येनंतरच्या तिसऱ्या संध्याकाळी, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, पश्चिमेकडे पाहून पहिली नोंद करायला सांगा, आणि त्या दिवशी स्वतःची नोंदही विद्यार्थ्यांसोबत पाठवा.